मक्याचे इंधन आणि ताण्याची खळ

यंत्रमागावर चढणाऱ्या सुती ताण्याला सायझिंगमध्ये जी खळ लागते, ती बहुधा मक्याच्या स्टार्चची असते. तोच मका कोंबड्यांचे खाद्य आहे आणि आता इथेनॉलचा कच्चा मालही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर निर्बंध आले, तेव्हा मक्याची मागणी आणखी वाढली. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले.

तेलाची आयात वाचते, शेतकऱ्याला भाव मिळतो, हे आम्हांला मान्य आहे. परंतु हवामानाचा फायदा मोजताना जमिनीचा हिशेबही धरावा लागतो. मका इंधनात गेला की त्याची तूट भरण्यासाठी दुसरीकडे जंगले, कुरणे मोडली जातात आणि तेथील कार्बन हवेत जातो. अमेरिकेचे टिमोथी सर्चिंजर व सहकाऱ्यांनी २००८ साली हा हिशेब मांडला, तेव्हा ३० वर्षांत मक्याच्या इथेनॉलचे उत्सर्जन पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट भरले. पुढे काही संशोधकांनी आकडा कमी धरला, मुद्दा मात्र कायम राहिला.

पानिपतला २०२२ साली भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनविणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. असा मार्ग वाढावा, ही मागणी आपल्या संघटनांनी केली पाहिजे. तोवर मागवाल्या बंधूंनी सुताबरोबर मक्याच्या भावावरही नजर ठेवावी.