वर्षअखेरीस गायनशिक्षकाचा हिशेब

वार्षिक परीक्षा आटोपल्या की गायनशिक्षक टाचणवही उघडून शिकविलेल्या गीतांची गणती करतात. ही गणती सोपी असते. तीवरून मुलांच्या कानाविषयी मात्र काहीच कळत नाही. पेटी थांबवून षड्ज दिला असता वर्गातील किती मुले तो स्वर उचलतात व धरून ठेवतात, हे पाहणे अधिक अगत्याचे. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनीदेखील तानसेनांइतकीच कानसेनांची चिंता वाहिली होती.

पुष्कळदा दोष मुलांचा नसतोच. पुरुष शिक्षक आपल्या सोयीने काळी एकमध्ये पद सांगतो. त्याचे खालचे स्वर मुलांच्या गळ्यात नसतात. एक सप्तक चढवून म्हणू गेल्यास तार षड्जापाशी नुसती ओरड होते. तेच पद काळी चार वा पाचमध्ये, म्हणजे स्त्रियांच्या पट्टीत, घेतले तर मुलांचा गळा मोकळा होतो. शिक्षकाला अवघड जाते खरे. पण तेवढे त्याने सोसावे.

हे न केल्याने एखादे मूल ‘बेसूर’ ठरते, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यास मागच्या ओळीत नुसते ओठ हलवावयास सांगितले जाते. असे मूल पुढे चारचौघांत गावयास धजत नाही. सुटीपूर्वी हजेरीपट समोर घेऊन ही नावे एका कागदावर उतरून ठेवावीत, आणि जूनमधील पहिल्याच तासाला त्या मुलांस जवळ बसवून, पेटीविना, एकेक स्वर म्हणवून घ्यावा.