जळगाव केळी : भौगोलिक मानांकन

एखाद्या प्रदेशामुळे विशेष गुण वा लौकिक लाभलेल्या मालाच्या नावास मिळणारे कायदेशीर संरक्षण म्हणजे भौगोलिक मानांकन. व्यापारचिन्ह मालकास विकता येते. मानांकित नाव मात्र त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामाईक असून त्याचे हस्तांतरण होत नाही. भारतात यासंबंधीचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला व २००३ पासून अंमलात आला.

खानदेशातील जळगाव केळीस २०१६ मध्ये मानांकन मिळाले. नोंदणी जळगावच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्यासही त्याच वर्षी हा मान लाभला. तथापि केळीच्या व्यापारात नाव टिकविणे अवघड असते. रावेर, यावल या तापीखोऱ्यातील तालुक्यांत घड हिरवेच कापले जातात, दूरच्या शहरांत पिकविले जातात आणि तेथे केळी डझनावारी विकली जाते. फळावर सहसा कोणतेच चिन्ह नसल्याने ते जळगावचे की सीमेपलीकडील बऱ्हाणपूरचे, हे ग्राहकास कळत नाही. त्यामुळे केवळ नोंदणीने उत्पादकास अधिक भाव मिळेलच असे नाही. त्यासाठी त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून, प्रतवारी केलेला माल चिन्हांकित खोक्यांतून पाठविणे इष्ट ठरते. निर्यातीत या नावाचा उपयोग झालेला आढळतो : तांदलवाडी (ता. रावेर) येथील शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी जून २०२१ मध्ये दुबईस रवाना झाली.