पाणी आणलं, पण ते जाणार कुठून?



त्र्यंबकेश्वराजवळ निघालेली गोदावरी आपल्या भागातून जाते तेव्हा आपण तिला नुसती गंगाच म्हणतो. पुढे आंध्रात, राजमहेंद्रीच्या खाली, दवळेश्वरम् गावापाशी तिला फाटे फुटतात. गौतमी आणि वसिष्ठा हे त्यांतले मोठे. या फाट्यांनी आणलेल्या गाळाचा सपाट मुलूख समुद्रापर्यंत पसरलेला आहे. तिथला शेतकरी पाण्याच्या बाबतीत जे शिकला, ते कालव्यावर ऊस घेणाऱ्या आपल्यालाही उपयोगाचं आहे.

पूर्वी तिथे पुराचं पाणी आपसूक शेतात शिरायचं. पूर ओसरला की नदी खाली आणि शेत वर, मग पाणी चढवणार कसं? १८३३ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, तर १८३९ मध्ये वादळाने समुद्रच आत आला. मग ऑर्थर कॉटन या इंजिनियरने १८४७ ते १८५२ या काळात नदीवर दगडी बंधारा घातला. हे साठवणीचं धरण नव्हे, बरं का! नदीची पातळी काही फूट उचलायची आणि पाणी कालव्यांत वळवायचं, एवढंच त्याचं काम. जुन्या बंधाऱ्याच्या जागी आता १७५ दरवाजांचा बंधारा आहे आणि त्यावर सुमारे दहा लाख एकर भिजतं. पावसाळी भाताला तिथे 'सार्वा' म्हणतात आणि उन्हाळी भाताला 'दाळवा'. कॉटनचे पुतळे तिथल्या शेतकऱ्यांनी उगाच नाही उभारले.

पण पाणी आणण्याची जेवढी काळजी घेतली, तेवढी ते काढून देण्याची घेतली गेली नाही. कालवे उंचवट्यावरून जातात, नदीला दोन्ही बाजूंनी बांध आहेत, मधली जमीन बशीसारखी. पावसाचं पाणी आणि कालव्याचं जादा पाणी वाहून नेणारे चर गाळाने, जलपर्णीने आणि अतिक्रमणाने तुंबतात. समुद्राजवळ चरांची तोंडं वाळूने बुजतात, आणि भरती असली की चराचं पाणी उलट मागे फिरतं. ऑगस्ट १९८६ च्या महापुरात दवळेश्वरम् येथे ३५ लाख क्युसेक पाणी आलं आणि बांध फुटले. पण मला विचाराल तर मोठ्या पुरापेक्षा दरवर्षी चार-आठ दिवस शेतात तुंबणारं पाणीच जास्त खातं. २०११ च्या खरिपात कोनसीमा भागातल्या हजारो शेतकऱ्यांनी भातच लावला नाही. भाव आणि मजुरी ही कारणं होतीच, पण निचऱ्याची तक्रारही त्यांत होती.

बियाण्यातही सुधारणा झाली. त्याच भागातल्या मारुटेरू केंद्राच्या 'स्वर्णा' भातापासून पुढे 'स्वर्णा सब-१' हे वाण निघालं. २००९ मध्ये ते आपल्या देशात प्रसारित झालं. पूर्ण बुडालं तरी साधारण दोन आठवडे ते तग धरतं. महिनाभर पाणी साचलं, तर मात्र तेही काय करणार?

आता आपल्याकडे या. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९१० च्या सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान त्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करत होते. पंचवीस वर्षांत ही गत! काळ्या भारी जमिनीत पाणी मुरतं पण निघत नाही, खालून वर चढतं, आणि वाळलं की मागे पांढरं मीठ राहतं.

तुमच्या शेतात काय चाललंय ते असं पाहा. पाण्याची पाळी देऊन आठवडा झाला की सर्वांत सखल कोपऱ्यात चार फुटांचा खड्डा घ्या. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी जमलेलं दिसलं, तर पाळी लांबवा, पाणी हलकं द्या आणि माती तपासायला पाठवा. चर मात्र एकट्याने खणू नका. वरच्याने खणला आणि खालच्याने बुजवला, तर पाणी खालच्या बांधाला येऊन थांबतं. ओढ्यापर्यंतच्या सगळ्या गटनंबरवाल्यांनी एकत्र बसून चराची ओळ ठरवावी, आणि मृग लागण्याआधी तो ओढ्याच्या तोंडाकडून वर साफ करत यावा.