सामना मैदानात, कमाई गल्लीबोळात!

२ एप्रिल २०११ ची रात्र. ठिकाण मुंबईचं वानखेडे स्टेडियम. भारत विरुद्ध श्रीलंका, विश्वचषकाचा अंतिम सामना. धोनीने षटकार ठोकला आणि २८ वर्षांनी विश्वचषक पुन्हा भारताकडे आला. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील, पण तो फटका तुम्ही कितीतरी वेळा पाहिला असेल, हो ना?

त्या वेळी साऱ्यांच्या नजरा चेंडूवर होत्या. आज आपण जरा उलटीकडे तोंड करून उभे राहू या. मैदानाकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड! वानखेडे आहे चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्टेशनांच्या मधे, अगदी रुळांना लागून. सामन्याच्या दिवशी लोकलमधून हजारो माणसं इथे उतरतात. आणि त्यांची वाट पाहत आणखी किती तरी माणसं उभी असतात. निळे टी-शर्ट विकणारे, गालावर तिरंगा रंगवणारे, भोंगे आणि टोप्या विकणारे, चहावाले, वडापाववाले, टॅक्सीवाले. या मंडळींना सामना बघायला मिळत नाही. पण सामना त्यांचाही असतो!

टॉस झाला, गिऱ्हाईक संपलं

आधी टी-शर्ट विकणाऱ्याचं गणित बघू. तो आदल्या दिवशी घाऊक बाजारातून माल उचलतो. पैसे पदरचे, नाहीतर उसने. विक्रीला वेळ किती? सामना सुरू होण्याआधीचे तीन-चार तास. माणसं एकदा आत गेली, की बाहेर कोणी फिरकत नाही. माल उरला, तर पैसे अडकले.

शिवाय भारताचा सामना असेल, तरच निळा टी-शर्ट खपणार. २०२३ साली विश्वचषक आपल्या देशात झाला. १० शहरं, ४८ सामने. पुण्याजवळच्या गहुंज्याला ५ सामने आले, पण त्यात भारताचा एकच होता : १९ ऑक्टोबरचा, बांगलादेशाविरुद्धचा. वानखेडेवरही ५ सामने झाले. त्यात भारताचे दोन.

त्या दोनांतला दुसरा म्हणजे उपांत्य सामना. त्याची तर गंमतच होती. भारत उपांत्य फेरीत आला तर त्याचा सामना मुंबईत होणार, असं आधीच ठरलं होतं. पण समोर पाकिस्तान आला, तर तोच सामना कोलकात्याला जाणार होता! म्हणजे चौथा संघ कोणता, हे नक्की होईपर्यंत मुंबईच्या टी-शर्टवाल्याने माल भरायचा की नाही? शेवटी न्यूझीलंड आला आणि १५ नोव्हेंबरला सामना वानखेडेवरच झाला. विराट कोहलीने आपलं पन्नासावं एकदिवसीय शतक त्याच दिवशी ठोकलं. खेळाडूंच्या पोटात गोळा येतो तसा तो फुटपाथवरच्या विक्रेत्याच्याही पोटात येतो, तो असा!

आत कोण कोण राबतं?

मैदानावर आपल्याला अकरा अधिक अकरा खेळाडू आणि पंच दिसतात. पण एका सामन्यामागे केवढी फौज असते! खेळपट्टीवर रोलर फिरवणारे आणि पाऊस आला की आच्छादन घेऊन धावणारे मैदान-कामगार. प्रकाशझोतांचे दिवे सांभाळणारे वायरमन. दारावर तपासणी करणारे रखवालदार. कॅमेरे चालवणारे, केबल ओढणारे. हॉटेलात चादरी धुणारे, स्वयंपाकघरात कांदा चिरणारे, संघांच्या बसचे चालक. आणि सामना संपल्यावर सगळे घरी जातात, तेव्हा झाडू घेऊन आत शिरणारे सफाई कामगार.

गहुंज्याचं मैदान तर पुणे शहराच्या बाहेर, द्रुतगती मार्गाला लागून. तिथे सामना असला की पुण्याहून जादा बस सोडाव्या लागतात. २०२३ मध्ये भारत-पाकिस्तान सामन्यासाठी पश्चिम रेल्वेने मुंबई-अहमदाबाद खास गाड्याही सोडल्या होत्या. म्हणजे खेळ अहमदाबादला, पण काम मुंबईच्या फलाटावरच्या हमालाला आणि चहावाल्यालाही!

एक वडापाव आणि सहा हजार रुपये

आता वही-पेन्सिल घ्या. आपण एक खोटा खोटा वडापाववाला उभा करू. समजा, एरवी तो रोज २०० वडापाव विकतो. किंमत २० रुपये. गल्ला झाला ४,००० रुपये. सामन्याच्या दिवशी त्याने ५०० विकले. गल्ला १०,०००. म्हणजे ६,००० रुपये जास्तीचे. वा! चैन आहे की नाही?

थांबा. या ६,००० मधून पाव, बटाटे, बेसन, तेल आणि गॅस यांचे ३,००० गेले. मदतीला दोन गडी जास्तीचे घेतले, त्यांची मजुरी १,६००. हातात उरले १,४०० रुपये. पण उरलेले ४,६०० काही हवेत विरले नाहीत. ते बेकरीवाल्याकडे, बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे आणि त्या दोन गड्यांच्या घरी गेले. बेकरीवाला त्यातून मैदा घेईल. गडी त्या पैशांत मुलाला वह्या आणेल. रुपया एकच, पण तो हातोहाती फिरतो. त्याला तुम्ही ‘फिरता रुपया’ म्हणा हवं तर.

आता एक मोठा आकडा पाहू. क्रिकेटची जागतिक संघटना आयसीसी हिने २०२४ मध्ये एक अहवाल जाहीर केला. त्यात म्हटलं होतं, की २०२३ च्या विश्वचषकामुळे भारतात ११,६३७ कोटी रुपयांची उलाढाल झाली आणि ४८ हजारांहून अधिक लोकांना पूर्णवेळ किंवा अर्धवेळ काम मिळालं. निम्म्याहून जास्त वाटा होता लोकांच्या राहण्याचा, प्रवासाचा आणि खाण्यापिण्याचा. मैदानात येऊन गेलेले प्रेक्षक साडेबारा लाख!

आकडा मोठा आहे खरा. पण असा आकडा दिसला, की आपल्या वडापाववाल्याला आठवायचं. उलाढाल म्हणजे नफा नव्हे. त्याची जास्तीची उलाढाल ६,००० होती, हातात उरले १,४००. तोच रुपया बेकरीवाल्याच्या गल्ल्यातही मोजला गेला, तर बेरीज आणखी फुगते. शिवाय तुमच्या बाबांनी सामन्याला २,००० रुपये घातले आणि म्हणून त्या महिन्यात तुम्ही सिनेमाला गेला नाहीत, तर काय झालं? पैसा शहरात नव्याने आला नाही. सिनेमागृहाकडून निघून मैदानाकडे गेला, इतकंच. नवा पैसा येतो तो परगावच्या आणि परदेशच्या पाहुण्यांकडून. आणि अहवाल कोणाचा, हेही बघायचं. स्पर्धा भरवणाराच प्रगतिपुस्तक लिहीत असेल, तर आपण ते जरा निरखून वाचावं!

सगळा पैसा इथे राहतो असंही नाही. क्रिकेटचं सामान बनवण्यात आपलं मेरठ आणि जालंधर नावाजलेलं. भारतात होणाऱ्या कसोटी सामन्यांचा लाल चेंडू मेरठचाच. पण विश्वचषकाचा पांढरा चेंडू येतो ऑस्ट्रेलियातल्या कूकाबुरा कंपनीकडून. सामना आपल्या गावात, चेंडूचे पैसे मात्र सातासमुद्रापार!

सामने हलवले, तेव्हा

मग सामने आले की चांगलंच, असं म्हणून मोकळं व्हायचं का? २०१६ सालची गोष्ट ऐका. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात भयंकर दुष्काळ होता. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत. माणसांना प्यायला पाणी नसताना खेळपट्ट्यांवर पाणी कसं मारायचं, हा प्रश्न होता. १ मे रोजी पुण्यात एक सामना झाला आणि मग संपलं. मुंबई आणि पुण्याचे संघ आपले ‘घरचे’ सामने विशाखापट्टणमला खेळले. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला.

तहानलेल्या माणसाला आधी पाणी, याबद्दल दुमत कसं असेल? पण त्या दिवसांची मजुरी ज्यांची बुडाली, ते रखवालदार, वाढपी आणि टोपीवाले यांचं काय? खेळाडूंना करारानुसार मानधन मिळतं. रोजंदारीवाल्याचा करार कुठे असतो? सामना गेला, की त्याचा रोजही गेला. मोठ्या निर्णयात लहान माणसाचा हिशेबही धरायला हवा, तो यासाठी. दोन्ही बाजूंनी विचार करा आणि आज रात्री जेवताना घरच्यांशी यावर बोला. बघा, काय काय मतं निघतात!

दिवे विझल्यावर काय उरतं?

सामन्याची कमाई एका दिवसाची. मग जास्त दिवस टिकतं ते काय? १९९६ च्या विश्वचषकासाठी वानखेडेवर प्रकाशझोत आले. स्पर्धा संपली, पण रात्रीचे सामने पुढेही होत राहिले. १९९४ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. तिथेच २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या आणि २०१८ ते २०२३ या काळात टेनिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही. एकदा बांधलेली जागा अशी पुन्हा पुन्हा वापरली, तर माळी, रखवालदार, प्रशिक्षक, खाणावळवाले यांना पुन्हा पुन्हा काम मिळतं. आणि जागा बांधून कुलूप लावलं, तर? मग तिथे गवत वाढतं आणि खर्च तेवढा उरतो.

तेव्हा स्पर्धा चांगली झाली की नाही, हे केवळ कोण जिंकलं यावरून ठरवू नका. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात किती जणांच्या घरी चूल नीट पेटली, हेही विचारा.

हे करून पाहा

यासाठी वानखेडेला जायलाच हवं असं नाही. तुमच्या गावात, वाडीत, शाळेत कबड्डीचे किंवा क्रिकेटचे सामने भरतीलच. त्या दिवशी वही घेऊन फिरा. मांडववाला, माइकवाला, फक्कीने रेघा मारणारा, ढालींवर नावं कोरणारा, भजीवाला, बर्फगोळेवाला... यादी करा. त्यांच्याशी नीट, आदराने बोला. चार प्रश्न विचारा : काका किंवा मावशी, आज एरवीपेक्षा किती जास्त विक्री झाली? माल कुठून आणला? मदतीला कोणाला घेतलं? उद्या काय करणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जपून लिहून ठेवा. खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच सापडते.