वऱ्हाडातही हवं बेने इस्रायली दालन

अमरावती-अकोल्यात ज्यूंची वस्तीच नाही, मग त्यांचं सांस्कृतिक केंद्र कशाला, असा आक्षेप येणारच. पण बेने इस्रायली ज्यूंचा वारसा मराठीचाच आहे. कोकणकिनाऱ्यावर तेल गाळणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’. त्यांच्यातल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग उभारलं. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाला वाचायचा ग्रंथ, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापला गेला. आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या मोशे, योसेफ यांच्या कथांवर चक्क मराठी कीर्तनं रचली! गाडगेबाबा-तुकडोजींच्या मुलखाला ही कीर्तनं परकी कशी वाटतील?

मुंबईत सगळं आहेच, असंही कुणी म्हणेल. पण मुंबई इथून रेल्वेने रात्रभर दूर आहे, आणि नवी इमारत कुठे हवी? जिल्हा ग्रंथालयातली एक खोली पुरे. तिथे आधी कीर्तनांची ध्वनिमुद्रणं ठेवावीत.