राखलेल्या रानातले गाव

जळगाव-धुळ्याच्या माणसाला उन्हाचे कौतुक नाही. चैत्र सरता सरता पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो, दुपारचे रस्ते ओस पडतात आणि कूलरमध्ये पाण्याची बादली ओतता ओतता घरोघर एकच विषय निघतो: चार दिवस कुठेतरी थंड, हिरव्या जागी जाऊन यावे. मग महाबळेश्वरचे नाव निघते, कोकण निघते, फार तर सीमेपलीकडचा सापुतारा निघतो. धुळे जिल्ह्याच्याच पश्चिम टोकाला, घनदाट रानाच्या कुशीत एक गाव आहे, हे मात्र सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. या गावाचे नाव बारीपाडा. तालुका साक्री.

जायचे तर धुळ्याहून सुरत रस्त्याने निघावे. कुसुंबा, नेर मागे पडते. पांझरा नदी वाटेत कधी जवळ येते, कधी शेतांआड लपते. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती संथपणे फिरताना दिसतात. साक्रीला महामार्ग सोडून पिंपळनेरची वाट धरली की सामोड्यापर्यंत मुलूख ओळखीचाच असतो. कांदा, मका, बाजरी, बांधावरची बाभूळ. पिंपळनेरच्या पुढे, कुडाशी-वार्साकडच्या पट्ट्यात शिरले की देखावा पालटू लागतो. सह्याद्रीच्या डोंगररांगा दोन्ही अंगांनी जवळ येतात, जमीन चढउताराची होते, बाजरीच्या जागी भाताची खाचरे आणि नागलीचे उतार दिसू लागतात. पलीकडे गुजरातचा डांग. याच डोंगरांत आपल्या पांझरेचा उगम आहे.

बारीपाडा पाहावा तो पावसाळा उलटताना, श्रावण-भाद्रपदात. डोंगर डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असतात. साग, ऐन, मोह, आंबा, हिरडा, बेहडा यांची एकमेकांत मिसळलेली दाटी, खाली बांबूची बेटे आणि त्याखाली सडलेल्या पाल्याचा मऊ थर. कौलारू घरे, शेणाने सारवलेली ओटी, अंगणात कोंबड्या. वस्ती कोकणा आदिवासींची, जेमतेम शंभरेक कुटुंबांची. शहरातून गेलेल्या माणसाच्या कानाला पहिल्यांदा काही ऐकूच येत नाही. मग हळूहळू एकेक आवाज वेगळा होतो: ओहोळाचे वाहणे, दूर कुठे गुरांच्या गळ्यातली घुंगरे, पानांवरून ठिबकणारे पाणी. ही शांतता म्हणजे ओसाडपणा नव्हे. ओसाड गावातही आवाज नसतो, पण तिथे जीव घाबरतो. इथे तो निवांत होतो.

आता कोणालाही वाटेल, डोंगरातले आदिवासी गाव, तिथे हिरवळ असणारच, निसर्गाची कृपा. खरी गंमत इथेच आहे. १९९० च्या सुमारास हेच डोंगर उघडेबोडके होते.

कारणे नवी नव्हती. चुलीला सरपण लागे, घराला वासे लागत, हाती पैसा हवा म्हणून लाकूड विकले जाई. मोहाची दारू गाळायची तर भट्टीलाही लाकूडच. एकट्या घराने तोडलेली चार झाडे कोणाच्या डोळ्यावर येत नाहीत. पण शंभर घरे आणि त्यात आसपासच्या गावांच्या बैलगाड्या, म्हटल्यावर डोंगराचे हाड दिसायला किती वेळ लागणार? झाडे गेली तशी माती गेली. माती गेली तसे पाणी थांबेना. पावसाळ्यात धो धो वाहून जाणारे पाणी उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशीही सापडेना. बाया हंडे घेऊन मैलोन्‌मैल हिंडत आणि शेतीवर भागेना म्हणून माणसे मजुरीसाठी गाव सोडत. पश्चिम साक्रीच्या कितीतरी पाड्यांची हीच कहाणी होती.

या पाड्यावर चैत्राम पवार हा तरुण वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन बसला होता. एम. कॉम. झालेल्या मुलाने शहरात नोकरी धरावी, हा आपल्याकडचा रिवाज. चैत्राम गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी गावकऱ्यांनी एकत्र बसून रान राखायचे ठरवले. त्याच सुमारास सरकारचे धोरणही बदलत होते. लोकांना रानातून हाकलून रान वाचत नाही, हे उमगल्यावर केंद्राने १९९० मध्ये आणि महाराष्ट्राने १९९२ मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचा मार्ग खुला केला होता. पण सरकारी कागदाने झाड वाढत नाही. ते वाढायला शेजाऱ्याने शेजाऱ्याची कुऱ्हाड धरावी लागते आणि ते फार अवघड काम आहे.

गावाने नियम केले, ते साधे आणि सगळ्यांना समजतील असे. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. राखलेल्या रानात गुरे सोडायची नाहीत. बैलगाडी रानात न्यायची नाही. सरपण हवे तर वाळलेले, डोक्यावर मावेल तेवढेच. नियम मोडील त्याला दंड आणि मोडणाऱ्याची खबर देईल त्याला बक्षीस. राखणदार नेमले गेले. बैलगाडीच्या नियमात मोठे शहाणपण आहे. डोक्यावरची मोळी घरच्या चुलीपुरती असते, गाडीभर लाकूड बाजारासाठी असते. गरज आणि धंदा यांच्यामधली रेघ गावाने अशी चाकावर आखली.

दंडाची गंमत अशी की तो परक्याकडून वसूल करणे सोपे असते, घरच्या माणसाकडून कठीण. सोयऱ्याने झाड तोडले तर काय करायचे? पाहुण्याची गाडी अडवायची कशी? अशा गोष्टींवरून खेड्यात वर्षानुवर्षे बोलणे बंद होते, हे खेड्यातून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बारीपाड्याची खरी कमाई ही की, नियम सर्वांना सारखा, हे तिथे तीस वर्षांहून अधिक काळ टिकले आहे.

जोडीला पाण्याचे काम झाले. उतारावर सलग समपातळी चर खणले गेले. हा चर म्हणजे डोंगराला आडवी मारलेली उथळ खाच. सगळीकडे एकाच उंचीवर असल्यामुळे तिच्यात उतरलेले पाणी पळत नाही, जागच्या जागी जिरते. ओहोळांवर दगडमातीचे बांध घातले, तेही बरेचसे श्रमदानाने. पण सगळ्यांत मोठे धरण झाडांनीच बांधले. पडलेला पाला पावसाच्या थेंबाचा मार झेलतो, मुळे जमीन सैल ठेवतात, पाणी खाली मुरते आणि महिन्यांनंतर विहिरीत उतरते. विहिरींना पाणी आले तशी शेती पावसाळ्यापलीकडे गेली. भाताची पिके सुधारली, भाजीपाला आला, मजुरीसाठी बाहेर पडणारी पावले थांबली. आज गावाने राखलेले रान चारशे हेक्टरांहून अधिक आहे.

हे सारे वाचताना खान्देशातल्या जुन्या माणसांना एक शब्द आठवल्यावाचून राहणार नाही: फड. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चाललेली ही सिंचनाची पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात काय, हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. पाणी कमी पडले तर तोटाही सगळ्यांनी वाटून घ्यायचा. कोणा साहेबाची सही नाही, कोर्टकचेरी नाही. पांझरेच्या खालच्या अंगाला आपल्या पणजोबांनी पाण्यासाठी जे केले, तेच तिच्या उगमाकडच्या डोंगरात कोकणा शेतकऱ्यांनी रानासाठी केले. म्हणजे बारीपाडा हा काही बाहेरून आलेला चमत्कार नव्हे. हे शहाणपण या मातीतले आहे. आपण ते मधल्या काळात पाटबंधारे खात्याच्या आणि बोअरवेलच्या हवाली करून मोकळे झालो, एवढेच.

रान परत आले तेव्हा त्याच्याबरोबर चवही परत आली. बारीपाड्यात २००४ पासून वनभाज्यांची स्पर्धा भरते. आसपासच्या पाड्यांतल्या बाया रानभाज्या रांधून मांडतात. कुर्डू, तरोटा, कटुर्ली, भोकर, बांबूचे कोंब आणि आपल्यापैकी अनेकांनी नावही न ऐकलेले कितीतरी कंद आणि पाले. या रांधण्यात नुसती चव नसते, शास्त्र असते. कोणता कंद उकळून, पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढायचा, कोणत्या पाल्याला आंबट घातले नाही तर घशाला खाज सुटते, कोणती भाजी पहिल्या पावसाच्या पंधरवड्यातच खायची, नंतर नाही, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकाआधी या बायांच्या हातात आहे. आज्जीकडून सुनेकडे, सुनेकडून नातीकडे ते चालत आले. रान गेले असते तर तेही गेले असते. ज्या पाल्याचे दर्शनच नाही, त्याचे नाव कोण लक्षात ठेवणार? आपल्या घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा जितका खान्देशी, तितकीच नागलीची भाकरी आणि तरोट्याची भाजीही खान्देशी आहे.

या मुलखात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. गडी माणसे व्रत धरतात, पावरीच्या सुरावर रात्री जागवतात आणि पौर्णिमेला डोंगरावर जाऊन देवाला भेटतात. वाघदेवालाही इथे मान असतो. डोंगरच ज्यांचा देव, त्यांच्याच हातून डोंगर उघडा झाला होता, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. नुसत्या श्रद्धेने रान वाचत नाही. श्रद्धेला नियमाची जोड लागते आणि नियमाला माणसांची.

मानसन्मान मागाहून आले. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने २००३ मध्ये गावाची दखल घेतली. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. वर्तमानपत्रांतून फोटो आले, अभ्यासक आले, अधिकारी आले, सहलीही येऊ लागल्या. आणि इथेच आपल्यासारख्या वाचकांचा प्रश्न सुरू होतो.

हिरव्या गावाचे नाव कानावर पडले की आपण त्याला ‘स्पॉट’ म्हणू लागतो. रविवार आला की गाड्या निघतात. डिकीत खाऊच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, मोठ्या आवाजाचा स्पीकर. सातपुड्यातली आणि सह्याद्रीतली कितीतरी ठिकाणे या हौसेखाली कशी चेपली गेली, ते आपण पाहिले आहे. धबधब्याच्या कडेला फुटक्या बाटल्या आणि देवळामागे कागदी पत्रावळींचा ढीग. बारीपाडा मात्र स्पॉट नाही. ते लोकांचे घर आहे, आणि घरी जाताना आपण विचारून जातो, हात धुऊन जेवतो, यजमानाच्या पद्धतीने वागतो. ज्या गावाने स्वतःच्या माणसांना बैलगाडी रानात नेऊ दिली नाही, तिथे आपली मोटार ओहोळापर्यंत नेण्याचा हट्ट शोभत नाही. जावे तर कळवून जावे, गावात मिळेल ते भाकरी-कोरड्यास त्याचे दाम देऊन खावे, शक्य तर तिथला तांदूळ विकत घ्यावा, आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा. मुलांना न्यावे. झाडांची नावे विचारावी. नावे सांगणारी माणसे तिथे आहेत, हे काय थोडे आहे?

गावापुढचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्यांनी उघडा डोंगर पाहिला आणि कोरड्या विहिरीवर हंडा घेऊन रात्र काढली, ती पिढी आता उतरणीला लागली आहे. नव्या पिढीने जन्मापासून हिरवे रानच पाहिले. तिला मोबाइल आहे, शिक्षण आहे, सुरत-नाशिकची वाट माहीत आहे. जे कष्टाने मिळवले ते जपणे सोपे. जे आयतेच हाती आले ते जपण्यासाठी जास्त समज लागते. रानाचा नियम एकदा करून भागत नाही. तो दरवर्षी, दर पावसाळ्याआधी, प्रत्येक घराने नव्याने मान्य करावा लागतो. एक वर्ष ढिलाई झाली की गाडीचे चाक रानात शिरते, आणि एकदा शिरलेले चाक बाहेर काढणे किती कठीण, ते उरलेल्या खान्देशाला विचारावे.

कारण बारीपाड्याची गोष्ट वाचून हळहळण्याजोगे पुष्कळ डोंगर आपल्याभोवती आहेत. प्रत्येक गावाच्या शिवारात गायरान आहे, टेकडी आहे, नाला आहे. तिथे साग-ऐन उगवणार नाही, पाऊस तेवढा नाही, हे खरे. पण निंब उगवेल, बोर उगवेल, गवत तर नक्कीच. बारीपाड्याकडून घ्यायचे ते झाडाचे रोप नाही, एकत्र बसण्याची रीत आहे. धुळ्यातल्या पुलावरून पांझरेचे कोरडे पात्र पाहताना आपण पावसाला बोल लावतो. नदी मात्र पावसाळ्यानंतर किती दिवस वाहायचे, हे वरच्या डोंगरांतल्या पाल्यावर आणि मुळांवर ठरवते. त्या डोंगरांतल्या एका पाड्याने आपल्या वाटणीची राखण केली आहे. बाकीची अजून बाकी आहे.