कोंबडी ठणठणीत, मग काळजी कसली?

रविवार म्हटला की मेसमध्ये चिकन! कोंबडी आजारी तर नव्हती ना, एवढंच आपण फार तर विचारतो. पण ठणठणीत कोंबडीच्या, गाईच्या किंवा बकरीच्या आतड्यातही असे जिवाणू असू शकतात, ज्यांच्यावर आपली अँटिबायोटिक्स चालत नाहीत. जनावराला त्यांचा त्रास नसतो, म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही.

हे होतं कसं? आतड्यात ई. कोलाय नावाचा जिवाणू असतो. आपल्याही असतो, आणि बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. पक्ष्यांचं वजन लवकर वाढावं म्हणून खाद्यातून थोडं थोडं अँटिबायोटिक देण्याची पद्धत जगभर पडली. त्याने साधे जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात. मग त्यांना मोकळं रान! अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे १० तासांत एकाचे शंभर कोटींच्या वर.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. हा गुण बऱ्याचदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतो आणि त्याची कॉपी शेजारच्या जिवाणूला देता येते. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाचं जर्नल अख्ख्या विंगमध्ये फिरतं ना, अगदी तसंच. फक्त इथे मेकॅनिकलचं जर्नल सिव्हिलवाल्यालाही चालतं, म्हणजे वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही!

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका फार्मवर स्टुअर्ट लेव्ही यांनी कोंबड्यांना टेट्रासायक्लिन घातलेलं खाद्य दिलं. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यात त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू भरले. काही महिन्यांत ते फार्मवर राहणाऱ्या माणसांतही वाढले. हा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडची गोष्ट कोलिस्टिनची. बाकी औषधं हरली की आयसीयूत डॉक्टर हे काढतात. हेच औषध भारतात पोल्ट्रीतही वापरलं जायचं. २०१५ साली चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला निकामी करणारा एमसीआर-१ हा जीन प्लास्मिडवर सापडला आहे, डुकरांतही आणि माणसांतही. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली.

मग चिकन सोडायचं का? मुळीच नाही. नीट शिजवलं की जिवाणू मरतात. धोका कच्च्या मांसाचा असतो. ज्या सुरीने चिकन कापलं त्याच सुरीने, न धुता, कांदा-काकडी कापली की झालं! शिवाय विष्ठेतून हे जिवाणू शेतात आणि पाण्यात जातात.

कामठीच्या आसपास ज्यांच्या घरी शेती, गाई-म्हशी किंवा पोल्ट्री आहे, त्यांनी घरी एवढं जरूर सांगावं : दुकानदाराला विचारून जनावराला औषध देऊ नका, पशुवैद्यांना विचारा. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर आपल्या जवळच आहे.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, सर्दी झाली की रूममेटच्या ड्रॉवरमधली उरलेली गोळी घेणं बंद करा. सर्दी व्हायरसची असते, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि त्यांनी सांगितले तेवढेच दिवस घ्यायचं. उद्या आपल्याच घरचं कोणी आयसीयूत असेल, तेव्हा औषध चालायला हवं ना?